गायरीतला भोपळा

माझं माहेर संगमेश्वराकडचं, अगदी नदीकाठचं. म्हणजे काय सांगू तुम्हाला, पावसात नदी घरात येऊन बसायची आणि जाताना अंगणभर गाळ ठेवून जायची, पाहुणा निघताना मुलांच्या हातावर खाऊ ठेवतो तसा. माझा बाप त्या गाळावर भाजी करायचा, वांगी, मुळा, लाल माठ, आणि मी चालायला शिकले ती वाफ्यांच्या मधल्या वाटेवर. बापाला माती बोटांत चुरडून नाकाला लावायची सवय होती, तीच मला लागली. बाकीच्या मुली फुलांचा वास घेत, मी शेणखताचा घ्यायची. आई कपाळावर हात मारायची, म्हणायची, हिला बघायला माणसं येतील तेव्हा कोणीतरी आधी हिचे हात धुवा. धुतले असणार कोणीतरी, कारण लग्न झालं.

आणि झालं ते इथे, हातखंब्याच्या वरच्या अंगाला, कातळावर. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, चल सूनबाय, आपली जमीन दाखवतो. मी हौसेने निघाले, डोक्यावरचा पदर सावरत, नवी नवरी. सासऱ्यांनी हात लांब केलानी, म्हणाले, ही आपली. मी बघतेय, बघतेय, काळा कातळ, त्याच्यावर सुकलेलं गवत, एक टिटवी ओरडत पळाली. मी विचारलं, मामंजी, पण जमीन कुठे आहे? तुम्ही हसताय, सासरेसुद्धा हसले, इतके हसले की खाली बसले. म्हणाले, ती आता तुला करायची आहे. त्यांनी थट्टा केलीनी, मी खरं धरलं. माझा स्वभावच तसा, कोणी काही म्हटलं की मी खरं धरते. ह्या सगळ्या गोष्टीत तेच झालं, लक्षात ठेवा.

येताना आईने पदराच्या गाठीत भोपळ्याच्या बिया बांधून दिल्यान. आमच्या माहेरचा भोपळा दिसायला अगदी कुरूप, राखेच्या रंगाचा आणि अंगभर चामखिळी. पण शिजला की असा गोड, की खाणारा डोळे मिटून घेतो. इथल्या वाडीत पहिल्यांदा तो वेलावर धरला तेव्हा बायका बघायला आल्या होत्या. ह्याला काही आजार आहे काय गो, म्हणून विचारत होत्या. खाल्ल्यावर गप्प बसल्या.

आता माणसं सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. घरात आमचे हे, त्यांचा धाकटा भाऊ दत्ताराम, आणि दत्तारामाची बायको शेवंती, म्हणजे माझी जाऊ. आमचे हे गरीब माणूस, बोलणं कमी. काही अडचणीचं विचारलं की वर आभाळात बघतात आणि पावसाचं काहीतरी बोलतात. वैशाखात विचारा, मार्गशीर्षात विचारा, पावसाचंच. दत्ताराम म्हणजे लाडाचा. आई लवकर गेली, ह्यांनी त्याला खांद्यावर वाढवलंन, त्यामुळे त्याच्या हाताला कामाची सवय लागलीच नाही. आणि शेवंती, शेवंती म्हणजे माझा जीव हो. मला बाय म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तिची पहिली मुलगी माझ्या हातांत आली, सुईण पोचायच्या आधी. सासरे गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या, गुरं वाटली, भांडी वाटली, एक पाट उरला तर त्याच्यावरून दोघे भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. पण गायरी वाटली नाही. गायरी म्हणजे गोठ्यामागचा शेणखताचा खड्डा. आमच्याकडे घर फुटलं तरी गायरी फोडत नाहीत. दोन्ही घरांचं शेण एकाच खड्ड्यात, आणि हिवाळ्यात ती उघडायची ती सगळ्यांनी मिळून, नारळ फोडून, एक टोपली तुला, एक टोपली मला.

आणि ती गायरी माझी होती बरं का. दोघांची, पण माझी. शेण काय, कोणीही टाकील. मी त्यात काय घालायची विचारा. जंगलातून आणलेला ऐन-किंजळीचा गळलेला पातेरा, चुलीची राख, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, बाजारातून कोळणी मासळीची डोकी नि शेपट्या टाकून देत ती मी मागून आणायची. वाटेत लोक नाकाला पदर लावत, मी आपली राणीसारखी डोक्यावर टोपली घेऊन. एक थर शेण, एक थर पाला, वर माती. श्रावणात जरा उघडीप मिळाली की खालचं वर नि वरचं खाली करायचं. खत आतून तापतं, हात घातला तर चटका बसतो. ताप पूर्ण उतरला, घाण वास गेला, पहिल्या पावसानंतर कातळाला येतो तसला वास आला, की समजायचं शिजलं. कच्चं खत काढायचं नाही. कच्च्या खतात गवताचं बी जिवंत राहतं, शिजलेल्यात मरतं. हे माझ्या बापाने शिकवलंन आणि मी शेवंतीला शिकवलं. ती ऐकायची आणि म्हणायची, बाय, तू जेवणाला एवढी जपत नाहीस.

एकाच गोष्टीवरून ती मला बोलायची. वाडीत सगळ्या बायका भोपळ्याच्या बिया सुकवतात आणि भाजून खातात. मी पेरण्यापुरत्या ठेवायची, बाकी आतला गर बियांसकट गायरीत. शेवंती म्हणायची, उधळी आहेस, एवढ्या बिया मातीत घालतेस. मी म्हणायची, गायरीला पण तोंड आहे, तिने काय नुसतं शेण खायचं?

तर स्वराज्य आल्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. खाली पऱ्याच्या काठाला इब्राहिमचाचांचा मळा. पऱ्या म्हणजे ओढा, पण आमचा हा शिमग्यापर्यंत वाहतो. चाचा उमेदीच्या वयात आगबोटीवर होते, सगळं जग बघून आलेले. म्हातारपणी आंब्याच्या बागेत खुर्ची टाकून बसायचे. मळा करणारा आधीचा माणूस गाव सोडून गेला, आणि जमीन अशी निकस करून गेला की माठसुद्धा पिवळा उगवावा. मी आणि शेवंती दोघी गेलो, म्हटलं चाचा, मळा आम्हाला द्या. चाचा म्हणाले, द्यायला काय, पण ही जमीन उपाशी आहे. त्रिपुरी पौर्णिमेला मी मळ्यात येईन. जिचं चांगलं खत तिथे येऊन पडलेलं दिसेल तिला मळा, कायमचा, मला घरापुरती भाजी दिलीत की झालं. आणि एकीलाच देईन हां येसूबाय, दोघींची भांडणं सोडवायला मी काही काझी नाही. वाटेत आम्ही दोघी हसत सुटलो, आम्ही कसल्या भांडतोय! ठरलं, गायरी एकच आहे, सगळी मळ्यात घालायची, नाव माझं सांगायचं आणि मळा निम्मा-निम्मा. तिने माझा हात धरलान आणि म्हणाली, बाय, आता कातळावर कपाळ घासायला नको.

मला त्या मळ्याचं किती वेड होतं कसं सांगू. नदीकाठची पोर मी, कातळावर आल्यापासून पायाखाली मऊ माती लागली नव्हती. रात्री झोपताना वाफे आखायची, इथे वांगी, इथे मिरची.

दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले. एस.टी. नुकती सुरू झाली होती, गाडीत बसायचंच केवढं कौतुक. हे आले नाहीत, म्हणाले गुरांकडे कोण बघणार. मी जाताना गायरीत हात घालून बघितला, अजून ऊन लागत होतं. शेवंतीला म्हटलं, मी येईपर्यंत उतरेल, तुळशीचं लग्न झालं की उघडू. ती म्हणाली, तू निवांत जा गो.

परत आले, तुळशीचं लग्न लागलं, दुसऱ्या सकाळी गायरी उघडायची. काय तो थाट! ह्यांनी नारळ आणलेला, दत्ताराम चक्क लवकर उठलेला, शेवंतीने हळद-कुंकू आणलंन. वरून गायरी अशी सुरेख सारवलेली, मी म्हटलं, शेवंते, काय गो, खळं सारवल्यासारखी गायरी सारवलीस! ती म्हणाली, लक्ष्मीच ती. मी नारळ घेतला, मधोमध ठेवायला म्हणून एक पाय पुढे टाकला, दुसरा टाकला, आणि धाडकन् गेले हो आत! कंबरेपर्यंत! नारळ एका हातात वर, पातळ भोवती छत्रीसारखं पसरलेलं, आणि माझ्या आजूबाजूला बांबूच्या काटक्या मोडतायत. हत्ती धरायला खड्डा करतात म्हणे ना, वर फांद्या, त्याच्यावर गवत, तसला तो प्रकार. काटक्या, पेंढा, वर शेणाचा पातळ लेप. खाली काही नाही. मी पण आधी हसले. सगळे हसले. मग मी पायाने चाचपलं, तर पायाला थंड कातळ लागला. वर्षाचं खत, आणि पायाला कातळ.

मी वर बघितलं, म्हटलं, खत कुठे गेलं? दत्ताराम खोकायला लागला. शेवंती मोठ्याने म्हणाली, अगोबाय, कोणी नेलंन गो! आणि रडायला लागली, अशी, पदर तोंडात धरून, हुंदके देत. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर आभाळात बघत होते. म्हणाले, परतीचा पाऊस लागला ना, खालच्या दगडी गडग्याच्या फटींतून वाहून गेलं असेल.

आता तुम्हीच सांगा, पाऊस कधी बांबूच्या काटक्या आडव्या घालून वर सारवून जातो काय? पण ह्यांनी सांगितलंन, ना! शेजाऱ्याने सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर नारळ टाकला असता. घरच्याने सांगितलंन म्हणून मला वाटलं, काटक्या शेवंतीने गुरं पडू नयेत म्हणून घातल्या असतील, खालून वाहून गेलेलं तिला कळलं नसेल. मी स्वतःच त्यांच्या खोट्याला टेकू लावत बसले. शेवंती मला खड्ड्यातून ओढून काढत होती, दोघी गळ्यात गळा घालून रडलो.

त्रिपुरीला चाचा मळ्यात आले, तर तिथे झावळ्यांखाली काळ्या खताचा ढीग. शेवंती पुढे झाली, म्हणाली, माझ्या भावाने पाठवलंन चाचा, पऱ्याच्या पलीकडून गाडी आली. चाचांनी अत्तर हुंगावं तशी मूठ नाकाला लावलीनी, म्हणाले, जरा कच्चं आहे, पण जातिवंत आहे. मळा तुझा. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, पायाशी बसली. म्हणाली, बाय, खत माझ्या भावाचं, मग मळा निम्मा कसा करू, तूच सांग. मी म्हटलं, नको करूस, तुझं नशीब.

आणि ऐका पुढचं. आमच्यात सावड असते, तू माझ्या शेतात राबलीस की मी तुझ्या शेतात राबायचं. शेवंती माझ्या लावणीला आली होती, तर मळा तयार करायला मी गेले. मार्गशीर्षातली थंडी, पऱ्यावर धुकं, बोटं वाकत नव्हती. मीच वाफे आखले. मीच तिला दाखवलं, खत नुसतं वर पसरायचं नाही, मातीत वितभर मिसळायचं, ढेकळं हाताने फोडायची, वाफ्याची कड पायाने दाबायची म्हणजे पाणी फुटत नाही. आमचे हे खाली ओणवे होऊन टोपल्या ओतत होते. मी खत हातात घेतलं आणि सवयीने नाकाला लावलं. माझा हात सांगत होता, येसू, हे तुझं आहे. त्यात माशाचे काटे होते, राखेचे खडे होते. मी हाताला म्हटलं, गप्प बस, जळकेपणा करू नकोस. माझं चोरलेलं खत मी माझ्या हाताने चोराच्या मातीत कालवलं, आणि वर तिला म्हणते, शेवंते, तुझ्या भावाला शाबासकी दे गो, चांगलं करतो खत!

दहा-पंधरा दिवस गेले असतील, मी पाणी आणायला पऱ्यावर गेले. वाफ्यांत मुळा वर आला होता, माठाची लाली धरली होती, आणि मध्ये मध्ये जाड जाड दोन पानांची रोपं. इथे, तिथे, बांधावर, मुळ्याच्या ओळीत, जिथे बघाल तिथे. भोपळा! मी हंडा खाली ठेवला. कच्चं खत. कच्च्या खतात बी जिवंत राहतं, आणि वाडीत बिया फेकणारी उधळी मी एकटी.

मी ओरडले असेन असं वाटतं ना तुम्हाला? नाही हो. रोपाला काय, कोणाचाही भोपळा असेल, तिच्या भावाकडचासुद्धा असेल. शेवंती ती रोपं भराभर उपटत होती. मी गोड आवाजात म्हटलं, अगो, एक तरी ठेव, ह्या कुंपणावर चढव, आपोआप आलेलं लक्ष्मीच असतं. तिला नाही म्हणता येईना. मग मी रोज जायची, तो वेल बघायला. माझ्या मुलांचं एवढं केलं नसेल. नरफूल मादीफुलाला लावायची, फळ धरलं तेव्हा त्याच्याखाली पेंढा घातला, वर झावळी झाकली. शेवंती बघायची आणि म्हणायची, बायला भोपळ्याचं वेड आहे. मी देवळात जाऊन सांगायची, देवा, ह्याच्या अंगावर चामखिळी येऊ देऊ नको. खरं सांगते, हेच मागायची. तो गुळगुळीत निघाला असता तर मी शेवंतीच्या पाया पडले असते.

चामखिळी आल्या. राखेचा रंग आला.

शिमग्यात पालखी वाडीत आली, आमच्या खळ्यात नाचली. पोरं बोंबलत होती, जो तो ज्याला त्याला बोलून घेत होता, शिमग्यात कोणी रागवायचं नसतं. चाचापण ओटीवर बसले होते, दरवर्षी यायचे. मी भोपळा कडेवर घेतला, मूल घेतात तसा, वर त्याला टोपडं घातलेलं, आणि खळ्यात आले. बायका हसून लोळल्या. मी शेवंतीसमोर भोपळा ठेवला, म्हटलं, जाऊबाई, बाळाला विचारा, ह्याचं आजोळ कुठलं? तुझ्या भावाकडचं की माझ्या बापाकडचं?

हसणं थांबलं. सगळ्या वाडीला माझा भोपळा ठाऊक होता. शेवंती पांढरी पडली, मग लाल झाली, आणि मग भडकली. म्हणाली, चोर म्हणतेस मला? माझ्या एकटीच्याने गायरी रिकामी झाली काय? एवढ्या टोपल्या माझ्या डोक्यावर कोणी चढवल्यान? भावजींना विचार!

मी वळले. हे तुळशीजवळ उभे होते. आणि काय करत होते? वर आभाळात बघत होते.

तसेच वर बघत बोलले. दत्ताचं कशातच काही धड होत नाही गो. त्याने हात धरलान माझा, म्हणाला दादा, एवढा मळा मिळू दे. तुझं काय, तू पुन्हा करशील. तुला येतं.

तुला येतं. माझा बाप बोटांत माती चुरडून शिकवत होता तेव्हा त्याला ठाऊक असतं, की मुलीला येतं म्हणून तिचंच न्यायचं असतं, तर त्याने शिकवलं असतंन काय? शेवंतीने नेलंन, त्याचं दुःख झालं. पण ती निदान रडली. खोटं का होईना, रडली. हे मला कातळावर उभी बघून पावसावर ढकलून मोकळे झाले, आणि चार महिने माझ्या समोर बसून माझ्या हातचं जेवले.

चाचा ओटीवरून उठले, म्हणाले, येसूबाय, तू बोल, मळा आत्ता फिरवतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी नाही म्हटलं. उभ्या पिकातून कोणाला उठवत नाहीत हे एक. पण खरं सांगू? मळ्याला पाणी द्यायचं म्हणजे पऱ्यावरची लाट, म्हणजे पाणी उपसायचा लांब दांडा, ओढायला दोन माणसं लागतात, एक ओढायला, एक पाणी वळवायला. आणि माझ्याकडचं दुसरं माणूस वर बघत उभं होतं.

त्यानंतर मी माझी गायरी वेगळी केली. आमच्या घराण्यात पहिल्यांदा गायरी फुटली, ती माझ्यामुळे, लोक बोलले, बोलू देत. परसातल्या कातळावर जांभ्याचा गडगा घातला, पऱ्यातला गाळ टोपल्यांनी वर आणला, त्यात माझं खत. चाचा आता नाहीत, मळा शेवंतीकडेच आहे. ती मुळा पाठवते, मी घेते. मी वांगी पाठवते, तिच्या मुलीला आवडतात. बोलतो आम्ही. पण बाय म्हणत नाही ती मला, आणि मी म्हणायला सांगत नाही. देव तिचं भलं करो, दत्तारामाचं करो, तुमचंही करो. माझं मी करीन, मला येतं.

बिया अजून गायरीत टाकते. सगळ्या, आता मुद्दाम. शिजतात, मरतात, पण टाकते.

आणि दर हिवाळ्यात, तुळशीचं लग्न झालं की सकाळी मी नारळ घेऊन गायरीवर जाते. आधी काठीने टोचून बघते, मग पाय टाकते. हे टोपली घेऊन कडेला येऊन उभे राहतात. केस पिकले आता त्यांचे. हळूच विचारतात, हात लावू काय गो? मी म्हणते, नको, तुम्ही तेवढं वर बघा, पाऊस येतोय काय. आभाळ अगदी स्वच्छ असतं, कापसाएवढा ढग नसतो. आणि हे खरंच मान वर करून बघतात, मी शेवटची टोपली काढीपर्यंत.